डॉक्टरांची नोट एआय लिहील, पण त्या नोटमध्ये काय असायला हवं?

मागच्या मे महिन्यात माझ्या मामेबहिणीची, म्हणजे आमच्या ताईची, सात वर्षांची फाईल मी मोबाईलवर स्कॅन करत बसले होते. ताई अकोल्यात शाळेत शिकवते आणि तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. दर चार-सहा महिन्यांनी रात्रीच्या गाडीने मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला जायचं, दहा मिनिटं डॉक्टरांना भेटायचं आणि परत यायचं, असं तिचं चाललेलं असतं. स्कॅन करताना एक गोष्ट डोळ्यात भरली. ओळीने पाच भेटींच्या कागदांवर तेच एक वाक्य होतं: रुग्ण स्थिर, औषध तेच चालू ठेवा.

याच काळात ताईने शाळेत वरच्या मजल्यावरचा वर्ग सोडला होता, ती बसून शिकवायला लागली होती आणि स्टँडवरून घरी येताना वाटेत एकदा टेकायला लागली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फाईलमध्ये मात्र एका शब्दानेही नव्हतं.

सध्या टेकच्या बातम्यांमध्ये एक विषय सतत येतोय: एआय आता डॉक्टरांची नोट लिहून देणार. डॉक्टर आणि रुग्ण बोलतात, फोन किंवा कॉम्प्युटर ऐकतो आणि दोन मिनिटांत तयार नोट समोर येते. मायक्रोसॉफ्टपासून छोट्या स्टार्टअपपर्यंत अनेक जण हे विकतायत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कुठलं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. पण ताईची फाईल डोळ्यासमोर ठेवून एक प्रश्न विचारते: अशा आजारात एआयची नोट खरंच उपयोगी पडेल का? आणि पडायची असेल तर आधी काय बदलायला हवं?

आधी आजार थोडक्यात

आपल्या मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं. वायरवर प्लास्टिकचं कव्हर असतं तसं समजा. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, आपलीच रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. मग सिग्नल नीट पोचत नाही. कुणाला एका डोळ्याने धूसर दिसतं, कुणाचा पाय बधिर होतो, कुणाचा तोल जातो. हा आजार बहुतेकांना २० ते ४० या वयात गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. जगात २८ लाखांहून अधिक लोकांना तो आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे, त्यात एमएसचं नाव आहे.

पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. पण आजाराचा वेग कमी करणारी औषधं आहेत. पहिलं इंटरफेरॉन १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आज निरनिराळ्या ताकदीची डझनभराहून जास्त औषधं आहेत. म्हणजे ‘औषध आहे का?’ हा प्रश्न मागे पडला. आता प्रश्न असतो ‘कुठलं, कधी आणि बदलायचं कधी?’ याचं उत्तर नोंदींवर अवलंबून असतं, कारण एका दिवसाच्या तपासणीत हा आजार अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा काळाबरोबर झालेल्या बदलात असतो.

निर्णय कशावर ठरतो?

डॉक्टर साधारण तीन गोष्टी बघतात.

पहिली, अटॅक किती आले. याला वैद्यकीय भाषेत रिलॅप्स म्हणतात. नवीन किंवा वाढलेला त्रास किमान २४ तास टिकला पाहिजे आणि त्या वेळी ताप किंवा इन्फेक्शन नसलं पाहिजे. ही दुसरी अट फार महत्त्वाची आहे. एमएसमध्ये शरीर तापलं की जुनीच लक्षणं पुन्हा डोकं वर काढतात. अकोल्याच्या ४४ डिग्रीत दुपारी शाळेतून घरी आलेल्या माणसाला पाय ओढावा लागला, तर तो नवा अटॅक असेलच असं नाही.

दुसरी, एमआरआयमध्ये नवे डाग आले का. इथे ‘नवे’ हा शब्द महत्त्वाचा. त्यासाठी जुना एमआरआय शेजारी ठेवून तुलना करावी लागते आणि दोन्ही शक्यतो सारख्या पद्धतीने काढलेले असावे लागतात. २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटांनी एकत्र येऊन एमआरआय कसा काढावा याच्या सामाईक शिफारशी दिल्या, त्या याचसाठी.

तिसरी, अपंगत्व वाढतंय का. त्यासाठी ईडीएसएस नावाची ० ते १० ची पट्टी वापरतात. जॉन कर्ट्झके या न्यूरॉलॉजिस्टने ती १९८३ मध्ये आजच्या रूपात मांडली. अर्ध्या-अर्ध्या गुणाने ती चढते. ४ च्या आसपास माणूस न थांबता सुमारे ५०० मीटर चालू शकतो. ५.५ ला ते अंतर साधारण १०० मीटरवर येतं. ६ म्हणजे १०० मीटरसाठी काठी लागते. बघा, या पट्टीच्या मधल्या भागात जवळजवळ सगळं चालण्याच्या अंतरावर ठरतं. आणि बहुतेक कन्सल्टिंग रूममध्ये १०० मीटर चालायला जागाच नसते! मग डॉक्टर विचारतात, ‘चालता येतं ना?’ आपण म्हणतो, ‘हो, येतं.’ झालं, स्थिर.

आता ताईच्या फाईलकडे परत या. मी तारखांप्रमाणे सगळं एका पानावर मांडलं तेव्हा दोन चुका दिसल्या. फाईलमध्ये तीन अटॅक लिहिले होते. त्यातला एक अशा आठवड्यात होता, जेव्हा तिला लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप होता. लॅबचा रिपोर्ट दुसऱ्या फाईलमध्ये होता. म्हणजे जो बहुधा अटॅक नव्हता तो मोजला गेला. आणि दोन वर्षं हळूहळू कमी होत गेलेलं चालणं, जे खरंच घडत होतं, ते मोजलंच गेलं नाही. अटॅकशिवाय हळूहळू वाढणारं हे नुकसान सुरुवातीपासून असू शकतं, असं गेल्या काही वर्षांतलं संशोधन सांगतंय. ते पकडायला मोजमाप लागतं, ‘बरं आहे’ पुरत नाही.

यात डॉक्टरांना दोष द्यायचा नाहीये. बाहेर रांग असते, फाईल जाड असते आणि मागच्या वेळचं वाक्य पुन्हा लिहिणं सोपं असतं. पेपर असो की कॉम्प्युटर, कॉपी-पेस्ट सगळीकडे आहे.

मग एआय हे सुधारेल का?

थोडं सुधारेल. डॉक्टर कीबोर्डऐवजी रुग्णाकडे बघतील, आणि हा फायदा छोटा नाही. पण तीन अडचणी मला स्पष्ट दिसतात.

एक. जे बोललंच गेलं नाही, ते लिहिलं जाणार नाही. ‘चालता येतं ना?’ ‘हो.’ यातून जगातला सगळ्यात हुशार एआयसुद्धा ‘चालण्याची तक्रार नाही’ एवढंच लिहील. फक्त व्याकरण जास्त सुंदर असेल. आमच्या क्षेत्रात जुनी म्हण आहे, कचरा आत तर कचरा बाहेर. इथला धोका मोठा आहे, कारण कचरा नीटनेटका छापून येतो आणि मग त्यावर विश्वास बसतो.

दोन. जे बोललं गेलं नाही, ते लिहिलंही जाऊ शकतं. हो, उलटंही होतं. ओपन एआयच्या व्हिस्पर या आवाजाचं मजकूर करणाऱ्या मॉडेलवर अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये अभ्यास मांडला. सुमारे १ टक्का तुकड्यांमध्ये मॉडेलने कुणी न बोललेली आख्खी वाक्यं घातली होती. बोलण्यात शांततेच्या जागा जास्त असतील तिथे हे जास्त दिसलं, आणि वाचेचा त्रास असलेल्या लोकांच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रमाण जास्त होतं. एमएसच्या काही रुग्णांचं बोलणं अडखळतं, संथ होतं, शब्द आठवायला वेळ लागतो. म्हणजे ज्याला नीट नोंदीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच बाबतीत मशीन चुकण्याची शक्यता जास्त. १ टक्का कमी वाटतो, पण दिवसभराच्या ओपीडीत किती वाक्यं होतात याचा विचार करा.

तीन. आपली भाषा. ताई डॉक्टरांना म्हणते, ‘खूप वीकनेस आलाय.’ तिला म्हणायचं असतं थकवा. एमएसमधला थकवा हे वेगळं लक्षण आहे, त्याचे उपाय वेगळे. पण मशीनने ‘वीकनेस’ जसाच्या तसा इंग्रजीत उतरवला, तर वाचणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला वाटेल हातापायातली ताकद गेली, म्हणजे कदाचित नवा अटॅक. आपल्या ‘अशक्तपणा’मध्येही हे दोन्ही अर्थ बसतात. ‘चक्कर’चंही तसंच. खोली गोल फिरते तीही चक्कर, डोळ्यापुढे अंधारी येते तीही चक्कर, आणि चालताना तोल जातो तीही. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटणं हे एमएसचं ओळखीचं लक्षण आहे, पण नुसतं ‘करंट’ ऐकून मशीन काय लिहील? मराठी, हिंदी आणि इंग्रजीची मिसळ, त्यात वऱ्हाडी उच्चार. या सगळ्यावर नीट तपासलेलं नसेल, तर डेमोमध्ये चमकलेलं टूल अकोल्याच्या पेशंटसमोर गडबडेल.

नोट चांगली असेल तर मशीन काय करू शकतं

उलट उदाहरणही देते, नाहीतर एकतर्फी होईल. टोरोंटोच्या सेंट मायकल्स हॉस्पिटलमधल्या एमएस क्लिनिकच्या ७० हजारांहून जास्त जुन्या नोट्सवर संशोधकांनी २०२० मध्ये एमएस-बर्ट नावाचं भाषा मॉडेल तयार केलं. साध्या मजकुरातून ते ईडीएसएसचा अंदाज काढतं. हे जमलं कारण त्या नोट्समध्ये तपासणी लिहिलेली होती. ‘रुग्ण स्थिर’ यातून कुठलंही मॉडेल ईडीएसएस काढू शकत नाही.

दुसरं उदाहरण स्वीडनचं. तिथे एमएसच्या रुग्णांची देशव्यापी नोंदवही आहे. औषध, तारीख, अटॅक, ईडीएसएस ठरलेल्या रकान्यांत भरतात. तिथल्या डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब हे मुळात कॅन्सर आणि संधिवातासाठीचं औषध एमएसमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरलं. मग सुमारे २०० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. तिचे निकाल २०२२ मध्ये आले: दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्या ३ टक्के लोकांना अटॅक आला, तुलनेतल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये १६ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी पहिल्यांदाच जी तीन औषधं घेतली, त्यात रिटुक्सिमॅब आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने याची भारतीय आवृत्ती २००७ मध्येच आणली होती. आपल्यासारख्या देशात, जिथे खिशातून पैसे जातात, तिथे हे किती मोलाचं आहे ते सांगायला नको.

पण ताकदवान औषधाबरोबर नोंदीची जबाबदारीही वाढते. रिटुक्सिमॅब देण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी लागते, कारण दबलेला व्हायरस पुन्हा जागा होऊ शकतो. नतालिझुमॅब या औषधात मेंदूच्या एका गंभीर इन्फेक्शनचा धोका तीन गोष्टींवरून मोजतात: जेसी व्हायरसची टेस्ट, आधी घेतलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि औषध किती महिने चालू आहे. तिसऱ्या गोष्टीसाठी फक्त एक तारीख लागते, सुरुवातीची. ताईच्या फाईलमध्ये सध्याच्या औषधाची सुरुवातीची तारीख मला शेवटी मेडिकलच्या बिलावरून काढावी लागली.

आणखी एक. एमएससारखाच दिसणारा एनएमओएसडी नावाचा आजार आहे. एमएसची काही औषधं त्यात उलट त्रास वाढवतात. त्याची अँटिबॉडी टेस्ट झाली का आणि निकाल काय, ही एक ओळ हरवली तर चुकीचं औषध सुरू होऊ शकतं.

इंजिनिअरची कबुली

पहिल्या नोकरीत मी एका छोट्या कंपनीत क्लिनिकचं सॉफ्टवेअर बनवायचे. तपासणीचा फॉर्म लवकर भरला जावा म्हणून मी प्रत्येक रकान्यात आधीच ‘नॉर्मल’ भरून ठेवलं होतं. डॉक्टर खूश, बॉस खूश. काही महिन्यांनी लक्षात आलं की न तपासलेलं आणि तपासून नॉर्मल निघालेलं यात डेटाबेसला काहीच फरक कळत नाही. ताईची फाईल बघताना मला तो फॉर्म आठवला. रिकामा रकाना वाईट दिसतो, पण तो खरं बोलतो.

म्हणून एमएसच्या नोटमध्ये, ती माणसाने लिहो की एआयने, मला किमान एवढं हवं:

- मागच्या भेटीनंतर नवा त्रास: कधी सुरू झाला, किती दिवस टिकला, तेव्हा ताप किंवा इन्फेक्शन होतं का
- न थांबता चालता येणारं अंतर, आणि २५ फूट चालायला लागलेले सेकंद
- ईडीएसएस, किंवा स्पष्टपणे ‘आज तपासला नाही’
- एमआरआयची तारीख, कशाशी तुलना केली, नवे डाग किती
- औषधाचं नाव, सुरुवातीची तारीख, चुकलेले डोस, सुरक्षेच्या तपासण्या
- औषध तेच ठेवलं किंवा बदललं, तर का

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त गाळला जातो. पुढचा डॉक्टर वेगळा असेल तर त्याला ‘काय केलं’ दिसतं, ‘का केलं’ दिसत नाही. एआयने नोट लिहिण्याऐवजी भेट संपायच्या आत एवढं जरी विचारलं, ‘चालण्याचं अंतर राहिलं, मोजायचं का?’, तरी मी त्याला जास्त हुशार म्हणेन.

२५ फूट म्हणजे साधारण साडेसात मीटर. एवढी जागा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सहज मिळते. या वेळेत २० टक्के वाढ झाली तर संशोधक ती लक्षणीय धरतात. लागणारं यंत्र? तुमच्या फोनमधलं स्टॉपवॉच.

आपल्याकडची परिस्थिती

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर सुरू आहे. आभाचा १४ अंकी नंबर तुमच्यापैकी अनेकांनी काढलाही असेल. त्याखाली माहितीची देवाणघेवाण एफएचआयआर या आंतरराष्ट्रीय मानकाने होते, ही चांगली गोष्ट आहे. पण नुसता कागदाचा फोटो किंवा पीडीएफ चढवला, तर तो डिजिटल होतो, वाचण्याजोगा डेटा होत नाही. एमआरआयचंही तेच. आपल्या हातात फिल्म आणि दोन ओळींचा रिपोर्ट येतो. तुलनेसाठी मूळ डिजिटल इमेज लागतात, त्या सीडीवर असतात आणि आजच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो!

हे आता जास्त महत्त्वाचं झालंय. एमएसच्या निदानाचे मॅकडोनाल्ड निकष पुन्हा सुधारले गेले आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात डोळ्याच्या नसेला आजाराची पाचवी जागा म्हणून धरलंय, आणि डागाच्या मधोमध शीर दिसते का अशा बारीक खुणांनाही स्थान मिळालंय. अशा खुणा रिपोर्टच्या दोन ओळींत सापडत नाहीत, मूळ इमेजमध्येच शोधाव्या लागतात.

खासगीपणाचा मुद्दाही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. डॉक्टरांच्या खोलीत फोन ऐकत असेल तर आपल्याला विचारलं गेलं पाहिजे: आवाज कुठे साठवला, किती दिवस, आणि मॉडेल शिकवायला वापरणार का? लग्न ठरायचं असलेल्या किंवा नोकरी बदलणाऱ्या २५ वर्षांच्या मुलीसाठी हा कागदोपत्री प्रश्न नाही.

तुम्ही आज काय करू शकता

घरात एमएस किंवा असाच लांबचा आजार असेल तर महागडं ॲप लागत नाही. फोनच्या नोट्समध्ये एक पान करा. नवा त्रास झाला की तारीख, किती तास टिकला, ताप होता का, एवढं लिहा. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळी, त्याच जागी चालण्याचा वेळ मोजा, कुणीतरी सोबत असताना. एमआरआय सेंटरकडे मूळ इमेज पेन ड्राइव्हवर मागा. भेटीच्या आधी सगळं एका पानात आणा, कारण दहा पानं कुणी वाचत नाही. रिपोर्ट कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकण्याआधी नाव, नंबर, पत्ता झाका, आणि त्याच्या उत्तरावर औषध बंद किंवा सुरू करू नका. ‘वीकनेस’ म्हणण्याऐवजी ‘थकवा येतो’ किंवा ‘पाय उचलत नाही’ असं सांगा.

ताईच्या पुढच्या भेटीला मी सोबत गेले. ते एक पान डॉक्टरांनी शांतपणे दोनदा वाचलं. मग स्वतः उठून तिला कॉरिडॉरमध्ये चालवलं, वेळ मोजला, जुना आणि नवा एमआरआय शेजारी लावायला सांगितला. पुढच्या महिन्यात तिचं औषध बदललं. वरचा वर्ग तिला परत मिळालेला नाही आणि कदाचित मिळणारही नाही, कारण गेलेलं चालणं औषधाने परत येईलच असं नसतं. उरलेलं टिकवणं, एवढाच हिशोब आहे. म्हणूनच त्या पाच भेटी मला अजून टोचतात.

पुढच्या वर्षी कदाचित तिच्या हॉस्पिटलमध्येही एआय नोट लिहायला बसेल. बसू दे. पण त्याने पहिल्यांदा ‘रुग्ण स्थिर’ लिहिलं, की ताई विचारणार आहे, ‘कशावरून?’ मी तिला तसं शिकवून ठेवलंय.